नव्या नकाशात नळ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचे फोटो आपल्या पानांवर नेहमी येतात. फीत, पाहुणे, रंगाचा वास अजून न गेलेल्या भिंती. ते जरूर यावेत. पण जुनी इमारत पाडल्यापासून नवीची फीत कापली जाईपर्यंत मधे एक अख्खं वर्ष जातं, कधी दोनही जातात, आणि त्या काळात मुलं शाळेत येतच असतात. त्या वर्षाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आम्ही सध्या त्याच वर्षात आहोत, म्हणून हे पत्र. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. सव्वीस वर्षं झाली. शेवटची नऊ वर्षं ग्रंथालयाचा कार्यभारही माझ्याकडे आहे.

आमची शाळा पाचवी ते दहावीची. जुनी इमारत पाडायलाच हवी होती, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पावसाळ्यात जिन्यावर छताचे पोपडे पडायचे आणि मुलं उतरताना माझा जीव टांगणीला लागायचा. म्हणणं आहे ते आम्ही शाळा कशी हलवली याबद्दल. सामान सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत हललं. तास बुडणार नाहीत, धूळ मुलांच्या नाकातोंडात जाणार नाही, असा हिशेब होता आणि तो मलाही पटला होता. शेवटचा पेपर देऊन मुलं पॅड आणि कंपासपेटी घेऊन नेहमीसारखी पळत घरी गेली. ही या इमारतीतली शेवटची वेळ आहे, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शाळा उघडली तेव्हा जुन्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत निळे पत्रे ठोकलेले होते आणि आत यंत्राची धडधड चालू होती. सातवीतला एक मुलगा पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभा होता. मी म्हटलं, "चल रे, उशीर होतोय." तो मागे न बघताच म्हणाला, "बाई, नळ आहेत अजून."

नळ म्हणजे आमच्या मैदानाच्या कडेचा, टाकीखालचा ओटा. एका ओळीत बारा नळ, त्यांतले दोन कायम बिघडलेले. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा तिथे लोटायची. पाचवीतल्या एखाद्या बारक्याला घट्ट चावी फिरवता आली नाही, तर बाजूला दहावीतलं कुणीतरी असायचंच, ते न बोलता फिरवून द्यायचं. भांडणं तिथे व्हायची आणि मिटायचीही तिथेच. वही मागायची तिथे, गृहपाठ विचारायचा तिथे. शाळेतली कुठलीही जागा सांगायची तर मुलं नळापासून सांगत. परिपाठाला आठवी ब कुठे? नळाच्या डाव्या अंगाला. हरवलेली बाटली कुठे मिळेल? नळाच्या मागच्या कठड्यावर. आम्ही शिक्षकांनी त्या ओट्याकडे कधी मान वळवून पाहिलं असेल तर ते फक्त चिखल होतोय म्हणून ओरडायला.

दुसऱ्या एका संस्थेची रिकामी इमारत वर्षभरासाठी मिळाली. खोल्या आमच्या गरजेच्या निम्म्याच. म्हणून दोन अधिवेशनं झाली, आठवी ते दहावी सकाळी आणि पाचवी ते सातवी दुपारी. तरीही खोल्या पुरेनात, तेव्हा अंगणात पत्र्याचे चार वर्ग उभे केले. सकाळची मुलं एका फाटकाने बाहेर पडतात, दुपारची दुसऱ्या फाटकाने आत येतात, म्हणजे गर्दी होत नाही. आमच्या पर्यवेक्षकांनी रात्री जागून ते वेळापत्रक बसवलं आणि त्यात चूक काढायला जागा नाही. फक्त महिना उलटल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पाचवीत नव्याने आलेल्या मुलांनी दहावीचा एकही विद्यार्थी पाहिलेला नव्हता. त्यांच्या लेखी शाळा सातवीलाच संपत होती. दहावीच्या मुलांनाही आपल्या पायाशी घोटाळणारी, वाटेत येणारी, "दादा, बॉल दे ना" म्हणणारी ती चिल्लीपिल्ली दिसेनाशी झाली होती, आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण मोठी मुलं त्या काळात अधिक रासवट झाली. लहानांसमोर मोठ्या मुलाला थोडं मोठं व्हावं लागतं. लहानं दिसेनाशी झाली आणि तेही सुटलं.

शिक्षकांचं वेगळं नव्हतं. ज्यांच्या शेजारी बसून मी पंधरा वर्षं पेपर तपासले, त्या भूगोलाच्या बाई दुपारकडे गेल्या. आमची भेट मस्टरवर सही करताना व्हायची, एक पेन एकमेकींच्या हातात देण्यापुरती.

मग आम्ही 'आपली शाळा' सप्ताह घेतला. त्या समितीत मी होते. सगळ्यांनी मनापासून राबून केला तो. घोषवाक्यं, बिल्ले, समूहगान, कागदावरचं मोठं सामूहिक चित्र. पण अधिवेशनं दोन, म्हणून समूहगान दोनदा झालं आणि सामूहिक चित्रं दोन भिंतींवर दोन लागली. सप्ताह संपला, चित्रं उतरवली, आणि मुलं पुन्हा "सकाळची शाळा" आणि "दुपारची शाळा" असंच म्हणत राहिली, जणू त्या दोन निराळ्या शाळा होत्या. शाळेबद्दलचा जिव्हाळा असा कार्यक्रम लावून येत नाही, हे मला सव्वीस वर्षांनी कळलं. मुलाच्या अंगावर शाळेतलं काहीतरी काम असावं लागतं, आणि ते काम त्याने केलं नाही तर दुसऱ्या कुणाचं तरी अडावं लागतं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. पुढच्या महिन्यांत जे जे घडलं त्यातून मी हेच शिकले, आणि यातलं बरंचसं आम्ही शिक्षकांनी घडवलेलं नाही.

सुरुवात परिपाठापासून झाली. नव्या अंगणात कुठल्या वर्गाने कुठे उभं राहायचं हे कुणालाच कळत नव्हतं, रोज दहा मिनिटं ढकलाढकलीत जात. एक दिवस आमचे शिपाई मामा फक्कीची बादली आणि सुतळी घेऊन आले आणि दहावीच्या मुलांना म्हणाले, आखा तुमचं तुम्ही. दोघांनी सुतळी ताणून धरली. तिसरा वाकून, मूठ सैल सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे सरकत गेला. फक्की टाकताना मूठ जमिनीपासून वीतभरच वर ठेवायची, नाहीतर वाऱ्याने रेघ फुटते, हे मामांनी त्याला दोनदा पुसायला लावून शिकवलं. रांगा आखून झाल्या तशी एका मुलीने अंगणाच्या कडेला बादलीतल्या उरल्यासुरल्या फक्कीने बारा लहान गोल काढले. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "नळ. त्याशिवाय कळणार कसं?" आणि खरंच, त्या बारा गोलांवरून प्रत्येक वर्गाला आपली जागा मिळाली. आठवी ब डाव्या अंगाला गेली.

त्या मुलांनी एकूण सहा इयत्तांच्या रांगा आखल्या होत्या. स्वतःच्या तीन आणि दुपारच्या तीन. सकाळच्या परिपाठाला पाचवी, सहावी, सातवीच्या रांगा मोकळ्या राहिल्या, आणि कुणीही त्यांत पाय ठेवला नाही. दुपारी लहान मुलं आली, गोल पाहिले आणि कुणी न सांगता आपापल्या जागी उभी राहिली. मोठ्यांच्या रांगा त्यांनीही मोकळ्या सोडल्या. अर्थात फक्की ती, दिवसभरात पायाखाली पुसून जायची. मग सातवीने जाताना पुन्हा आखून ठेवायचं ठरवलं, म्हणजे सकाळच्यांना तयार मिळेल. एकदा सातवीची सहल होती म्हणून आखणी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दहावीचा वर्गप्रमुख माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्या तक्रारीने मला झालेला आनंद मी त्याला सांगू शकले नाही.

पावसाळ्यात पत्र्याच्या वर्गांचं खरं रूप कळलं. नववीचा तास चालू होता, सर आली आणि माझा आवाज मला ऐकू येईना. फळ्यावर लिहून पाहिलं, पण मागच्या बाकांवर अंधार होता. शेवटी खडू ठेवला आणि सगळ्यांनी नुसतं बसून पाऊस ऐकला. मुलं चक्क शांत होती. दुसऱ्या दिवशी त्यांना मी चीनमधल्या कुनमिंगची हकिकत सांगितली. ती अभ्यासक्रमात नाही, पण त्या छताखाली ती सांगायलाच हवी होती.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली तेव्हा पेकिंग, त्सिंगहुआ आणि नानकाई या तीन विद्यापीठांनी आपापली आवारं सोडली. आधी ती चांगशा इथे एकत्र आली, पण युद्ध तिथवरही पोचू लागलं. तेव्हा आणखी आत, नैर्ऋत्येला कुनमिंगला जायचं ठरलं. १९३८ च्या फेब्रुवारीत सुमारे तीनशे विद्यार्थी आणि काही प्राध्यापक निघाले आणि ६८ दिवसांनी पोचले. अंतर सोळाशे किलोमीटरच्या आसपास, त्यातलं बहुतेक पायी. वाटेत त्यांनी गावोगावची लोकगीतं उतरवून घेतली. कुनमिंगला त्यांना मिळाल्या त्या मातीच्या भिंती आणि पत्र्याची छपरं. पाऊस आला की तिथेही शिकवलेलं ऐकू येत नसे. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी एकदा फळ्यावर लिहिलं की आज तास बंद, पाऊस ऐकू या, असा किस्सा तिथले लोक सांगत. तिन्ही विद्यापीठांनी मिळून तिथे एकच विद्यापीठ १९४६ पर्यंत चालवलं. त्या वर्गांत शिकलेल्या यांग आणि ली या दोघांना १९५७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

नोबेलचं ऐकून मुलांचे डोळे मोठे होतील असं मला वाटलं होतं. पण एका मुलीने विचारलं ते वेगळंच. "बाई, ते सगळे एकत्र चालत गेले?" मी म्हटलं, सगळे नाही. मुली आणि इतर बरेच जण बोटीने आणि रेल्वेने लांबचा वळसा घेऊन गेले. पण कुनमिंगला पोचल्यावर सगळे एकत्र आले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग आपण कधी पोचणार?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. ते मुलांनीच शोधून ठेवलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

सहावीतली एक मुलगी कंपासपेटी बाकाच्या खणात विसरून गेली होती. ती शोधायला मी सकाळच्या अधिवेशनात त्या बाकाशी गेले, तर नववीतल्या मुलाने आधी खण हाताने झाकला. मग गुमान बाजूला झाला. खणात कंपासपेटी होती आणि तिच्याखाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा. सगळ्यात खालची तीन आठवड्यांपूर्वीची. "तुझा कंपास वापरला. पेन्सिलचं टोक तुटलं होतं, नवीन तुकडा लावलाय. रागावू नकोस. ९ अ." तिच्यावर उत्तर, गोल गोल अक्षरात: "चालेल. पण पट्टी परत ठेव. ६ क." तिथून पुढे गणितं. सहावीच्या मुलीने अपूर्णांकाचं उदाहरण लिहून "हे येत नाही" म्हटलेलं, आणि नववीतल्याने पायऱ्या सोडवून दाखवून शेवटची पायरी कागद दुमडून आत लपवलेली. दुमडलेल्या भागावर लिहिलं होतं: "आधी स्वतः कर. मग उघड."

ज्या मुलाला मी गेली दोन वर्षं उनाड म्हणून ओळखत होते, त्याचं ते अक्षर होतं.

चौकशी केली तर निम्म्याअधिक बाकांत असं काही ना काही चालू होतं. शब्दकोडी, चित्रं, "आज विज्ञानाची चाचणी आहे, प्रकाशाचा धडा बघ" अशा सूचना. एकाच बाकावर सकाळ-दुपार बसणारी ही मुलं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती. शिक्षकसभेत हे आलं तेव्हा चिठ्ठ्या बंद कराव्यात असं बहुतेकांचं मत पडलं. माझंही. कुणी वाईट लिहील, कुणी गृहपाठ उतरवून घेईल, पालक विचारतील. ही भीती पोकळ नव्हती. त्या दिवशी चहा घेऊन आलेल्या मामांनी कप ठेवता ठेवता एवढंच म्हटलं, "चिठ्ठ्या सुरू झाल्यापासून बाकं कोरायची थांबलीत पोरं." आम्ही उठून वर्गात जाऊन पाहिलं. खरं होतं.

मग गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं काढून, शिवून, प्रत्येक बाकाला एक वही केली. मुलं तिला बाकवही म्हणतात. नाव लिहायचं नाही, फक्त इयत्ता आणि तुकडी, असा नियम त्यांनीच केला. कुठल्याही शिक्षकांनी कधीही उघडली तरी चालेल असंच लिहायचं, हा आमचा. दोन बाकवह्या काढून घ्याव्या लागल्या, हेही सांगायला हवं. बाकीच्या चालू आहेत. सहावीतला एक मुलगा चार दिवस आला नाही, तर त्याच्या वर्गशिक्षिकेच्या आधी नववीतली मुलगी विचारत आली, "माझ्या बाकाचा दुपारचा कुठे आहे?" घरी अडचण होती. ती वेळेत कळली.

ग्रंथालयाची चूक मात्र पूर्णपणे माझी, ती लिहिते. हलवताना मी पुस्तकांची वाटणी केली. मोठ्यांची पुस्तकं सकाळच्या कपाटात, लहानांची दुपारच्या, आणि किल्ल्या दोन. सोय म्हणून केलं. एकदा सहावीतल्या मुलाला ग्रहताऱ्यांचं एक जाड पुस्तक हवं होतं, गेल्या वर्षी त्याने ते माझ्या टेबलावर उभ्या उभ्या चाळलं होतं. ते सकाळच्या कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये घरी. बेल्जियममधलं लूव्हेनचं विद्यापीठ १९६८ नंतर भाषेच्या भांडणातून दुभंगलं, फ्रेंच भाषकांच्या भागासाठी नवं गाव वसवलं गेलं आणि ग्रंथालयाची वाटणी पुस्तकांच्या क्रमांकांवरून झाली, विषम एकाकडे आणि सम दुसऱ्याकडे. हे मी किती वर्षं एक विचित्र गोष्ट म्हणून वर्गात सांगत आले होते. आमच्याकडे तर भांडणही नव्हतं. आता कपाटांची किल्ली एकच आहे आणि ती सेविका मावशींकडे असते, कारण दोन्ही अधिवेशनांत असतात त्या आणि मामाच. अख्खी शाळा या वर्षी फक्त त्या दोघांनी पाहिली आहे. कोणतं मूल कुणाचं भावंड, कोण उपाशी येतं, कोण हल्ली गप्प असतं, हे त्यांना ठाऊक असतं. तरीही स्थलांतराच्या एकाही बैठकीला आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. आता बोलावतो.

आम्ही शिक्षकांनीही एक ठरवलं. आठवड्यातून एकदा सकाळच्या प्रत्येकाने दुपारचा एक तास घ्यायचा, दुपारच्यांनी सकाळचा. जादा काम आहे, कुरकुर होते, ती रास्तही आहे. १९०० साली अण्णासाहेब कर्वे यांनी आपला विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला, तेव्हा फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून ते रोज तिथवर चालत जात. आश्रमातल्या मुलींना त्या झोपडीत आपली शाळा वाटली ती संध्याकाळी येणाऱ्या त्या पावलांमुळे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. पाचवीच्या वर्गात पहिल्यांदा गेले तेव्हा एका मुलीने विचारलं, "तुम्ही सकाळच्या शाळेतल्या ना?" परवा तिनेच मला "आपल्या शाळेच्या इतिहासाच्या बाई" म्हणून तिच्या आजोबांना दाखवलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते. नव्या इमारतीचे मजले उभे राहिले आहेत. आवाराचं आणि पाण्याच्या जोडण्यांचं काम व्हायचं आहे, त्याचा नकाशा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत दाखवला गेला. नकाशा चांगला आहे. प्रत्येक मजल्यावर शुद्ध पाण्याची सोय, लहानांचा जिना वेगळा, लहानांसाठी पुढचं अंगण आणि मोठ्यांसाठी मागचं मैदान, मधे जाळी. सुट्ट्यांच्या वेळाही निरनिराळ्या ठेवता येतील, असं सांगण्यात आलं. मी नकाशा दोनदा पाहिला. नळांचा ओटा त्यात कुठेच नव्हता. या वर्षी नाइलाज म्हणून सोसलेली सकाळची शाळा आणि दुपारची शाळा आता भिंती आणि जाळ्या घालून कायमची होणार, असं मला त्या कागदावर दिसलं.

आखणाऱ्यांना मी विचारलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कारणं दिली. ओट्यापाशी चिखल होतो, डास होतात, ढकलाढकलीत मुलं पडतात, रांगेत सुट्टी संपते. सगळी कारणं खरी आहेत, दोन नळ तर आमचे वर्षानुवर्षं गळत होते. पिण्याचं पाणी मजल्यावरच असावं, त्याला माझी पूर्ण संमती आहे. पण हात धुवायला, बाटली विसळायला, रंगाचे ब्रश धुवायला सगळ्या इयत्तांना एकाच ठिकाणी यावं लागेल असा एक ओटा मैदानाच्या कडेला हवा. खाली फरशी, नीट उतार आणि झाकलेली गटारवाट, म्हणजे चिखलाचा प्रश्न उरत नाही. आणि एक सुट्टी तरी सगळ्यांची एकत्र हवी.

इमारत माणसांना कशी जवळ आणते किंवा लांब ठेवते, याचा विचार मोठ्या ठिकाणीही झाला आहे. लंडनमध्ये १९४१ च्या मे महिन्यात बाँबहल्ल्यात हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह जळून गेलं. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा कसं बांधावं यावर संसदेत चर्चा झाली, तेव्हा चर्चिल यांनी आग्रह धरला की आकार पूर्वीसारखा लांबट, समोरासमोरच्या बाकांचा ठेवा आणि सगळे सदस्य एका वेळी बसू शकतील एवढं मोठं करू नका. मोठं केलं तर एरवी ते रिकामं वाटेल आणि समोरासमोर बोलण्याची धार जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५० मध्ये सभागृह उघडलं ते तसंच, अपुऱ्या जागेचं. चर्चिल यांच्या एकूण राजकारणाबद्दल माझी मतं कडक आहेत, पण दाटीचीही गरज असते हे त्यांना नेमकं कळलं होतं. आमच्या ओट्यावर दहा चालू नळांना शेकडो मुलं होती. त्या अपुरेपणातूनच मोठ्याने लहानाला चावी फिरवून दिली.

येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या शाळा हलणार आहेत, त्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. सुट्टी लागायच्या आधी मुलांना सांगा. निदान एक दिवस त्यांना आपल्या हातांनी सामान उचलू द्या, नकाशे, चेंडू, प्रयोगशाळेतल्या मोकळ्या बरण्या, जे झेपेल ते. दोन अधिवेशनं करावी लागली तर महिन्यातून एक दिवस सगळ्यांना एकत्र बोलवा, मैदान भाड्याने घ्यावं लागलं तरी. आम्ही हे करायला सहा महिने घेतले. मागच्या महिन्यात पहिल्यांदा सगळी शाळा एकत्र आली, तेव्हा कार्यक्रम काहीच ठेवला नव्हता. फक्त बाकाचे क्रमांक पुकारले आणि सकाळचं मूल आणि दुपारचं मूल समोरासमोर आणून उभं केलं. बहुतेक जोड्या पहिली पाच मिनिटं लाजून जमिनीकडे बघत होत्या. कंपासपेटीवाली मुलगी नववीतल्या त्या मुलाच्या जेमतेम खांद्याला लागते. तिने आधी विचारलं, "पट्टी कुठाय?" त्याने खिशातून काढून दिली.

आवाराच्या नकाशावर सह्या व्हायला अजून तीन आठवडे आहेत. ओट्याची मागणी मी लेखी दिली आहे, मुलांनीही वेगळा अर्ज दिला आहे आणि त्यावर दोन्ही अधिवेशनांच्या वर्गप्रमुखांच्या सह्या आहेत. काल एका बाकवहीत पाहिलं. सगळी शाळा एकत्र आली त्या दिवशी आजारी असल्यामुळे सहावीतला एक मुलगा त्याच्या सकाळच्या जोडीदाराला भेटू शकला नव्हता. त्याने लिहिलं होतं: "नव्या शाळेत पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत भेटू. मी नळापाशी थांबेन. माझी बाटली हिरवी आहे." खाली मोठ्या, तिरक्या अक्षरात नववीचं उत्तर होतं: "येतो. डावीकडून तिसरा नळ."

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका